भोंग्याच्या सुरावर लावलेली पेटी

३ नोव्हेंबर, सोमवार

सोमशेखर सकाळी पेढे घेऊन आला. लोक पेढे घेऊन येतात तेव्हा निर्णय आधीच झालेला असतो, आपण फक्त तोंड गोड करून मान हलवायची असते. टेलिफोन खात्यात उभी हयात काढल्यावर एवढं कळतं.

महिनाअखेरीला शहराच्या संगीताचा उत्सव आहे म्हणे, 'गिरणीनगरीचे सूर'. आमचं गुलबर्गा, सरकारचं कलबुर्गी. कापडगिरणी बंद पडून चाळीस वर्षं झाली, शहर आता सिमेंट आणि तूरडाळीवर जगतं, आणि आत्ता यांना गिरणीतली गाणी आठवली. सोमशेखर समितीचा सेक्रेटरी आहे. कॉलेजातून निवृत्त झालेला, गोड बोलणारा, कशालाच नाही न म्हणणारा माणूस. अशा माणसांचा मला फार राग येतो. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं.

त्याने मोबाइलवर फलकाचं चित्र दाखवलं. गिरणीच्या बँडचा जुना फोटो. मधे माणिकराव मास्तर, त्यांच्या उजवीकडे हणमंतराव, क्लॅरनेट छातीशी धरून, मग ट्रंपेटवाला, ढोलकीवाला, आणि मागे फुलाफुलांचा पडदा.

"यात मी आहे," मी म्हटलं.

त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. एकेक चेहरा तपासला. "कुठं, अक्का?"

"पडद्यामागे."

तो पडदाही मोठा करून बघायला लागला.

खरं आहे ते. माझे वडील, नाना, गिरणीत हेड अकौंटंट होते. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला पियानो शिकवला याचं त्यांना कौतुक होतं. पण गणपतीच्या मेळ्यात कामगारांच्या बँडबरोबर पेटी वाजवायची म्हटल्यावर त्यांनी अट घातली, की मुलगी पडद्यामागे बसेल. तीन गणपती मी त्या फुलांमागे बसून वाजवले. ऐकलं सगळ्यांनी, पाहिलं कोणी नाही. चौथ्या वर्षी नानांनी तेही बंद केलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मग मला टेलिफोनची नोकरी लागली, आणि तिथेही लोकांनी आवाजच ऐकला.

"आयतु अक्का, तुमचा सत्कार ठेवू," सोमशेखर म्हणाला. "शाल, फळं, सगळं."

"माझ्याकडे सात शाली आहेत आणि गुलबर्ग्यात थंडी नसते. मला वाजवायचं आहे. पडद्यापुढे बसून, हणमंतरावांच्या क्लॅरनेटबरोबर, मेळ्यातलं आमचं गाणं."

"आयतु, आयतु."

कन्नडमध्ये आयतु म्हणजे झालं, ठीक आहे. एवढं म्हणून तो गेला. शेजारच्या दानेश्वरीच्या कुकरची शिट्टी झाली. गिरणीच्या भोंग्याहून जराशी खालीच असते ती, रोज कानाला टोचते.

५ नोव्हेंबर, बुधवार

पेटी काढली. धूळ पुसली, भाता तपासला. अजून श्वास धरते. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांपेक्षा बरी स्थिती.

ही पेटी जगातल्या कुठल्याच पेटीशी जुळत नाही. बँडची तालीम संध्याकाळी सुताच्या गोदामामागे व्हायची आणि ऐन गाण्यात पाळीचा भोंगा वाजायचा. वाफेचा भोंगा, गावाबाहेरच्या शेतांपर्यंत जायचा. त्याचा सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधल्या फटीत कुठेतरी. गाणं विस्कटायचं, ऐकायला आलेली मुलं हसायची. शेवटी माणिकराव मास्तर म्हणाले, भोंगा काही आपलं ऐकणार नाही, आपणच त्याचं ऐकू. त्यांनी पेटीच्या आतल्या पितळी पट्ट्या कानशीने घासून भोंग्याला लावल्या. हणमंतराव गिरणीत फिटर. त्यांनी क्लॅरनेटचा वरचा तुकडा लेथवर घेऊन आखूड केला. त्यानंतर भोंगा वाजला की गाणं मोडायचं नाही, भरायचं. सगळं शहर खाली षड्ज धरून बसल्यासारखं वाटायचं. मास्तरांनी मेळ्याचं गाणं त्यासाठीच बांधलं:

भोंगा झाला गं बाई, भोंगा झाला,
भाकर तव्यावर, धनी पाळीला.

दुसऱ्या 'झाला'वर बॉयलरवाला नेमका भोंगा सोडायचा.

तो भोंगा भंगारात गेला. त्याचा सूर आता दोनच ठिकाणी उरला आहे, हणमंतरावांच्या क्लॅरनेटमध्ये आणि माझ्या पेटीत.

वाजवत होते तर माझा पुतण्या संकर्षण वरच्या मजल्यावरून खाली आला. सिमेंटच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याला यंत्राचा आवाज कळतो, गाण्याचा नाही.

"आत्या, मिक्सर बिघडलाय का?"

"मिक्सर भोंग्याच्या दोन सूर वर असतो. पेटी बरोब्बर भोंग्यावर आहे."

"तुला बरं आठवतं."

"मला कुठलं आठवायला. पेटीला आठवतं."

९ नोव्हेंबर, रविवार

भालकीला जाऊन आले. अर्धा रस्ता बस उसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत होती. हणमंतराव मूळचे ठाणाकुशनूरचे, तीन भाषांत शिव्या देणारे. गिरणी बंद झाल्यावर भालकीला आले. बायको गेल्यापासून मुलाच्या, हरिओमच्या घरी असतात. खूप वाळलेत. अंगातला शर्ट दुसऱ्याचा असावा तसा दिसत होता.

"पेटीबाई," मला दारात बघून म्हणाले. "कामून आलाव एवढ्या लांब? फोन करायचा की."

"फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही."

"तुमचं येतंय."

पन्नास वर्षं हा माणूस मला पेटीबाई म्हणतो. मला नाव आहे. एकदाही घेतलं नाही.

उत्सवाचं सांगितलं. हरिओम चहा घेऊन आला होता, तो कप हातात धरून तसाच उभा राहिला. "अक्का, बाबांला फुंकायला डॉक्टरनं मनाई केलीया. गिरणीतला कापूस छातीत बसलाय. जिना चढतानं दोनदा थांबत जायलेत."

"डॉक्टर भालकीचा हाय," हणमंतराव म्हणाले. "त्याला क्लॅरनेटातलं काय कळतंय?"

"दम क्लॅरनेटला नाही लागत, तुम्हाला लागतो," मी म्हटलं.

"पेटीनं खालून सूर धरला की मला निम्माच दम लागतोय. तुमी सोडू नका म्हंजे झालं."

आत जाऊन क्लॅरनेट घेऊन आले. फडक्यात गुंडाळलेलं, सांध्यांना तेल दिलेलं, आणि रीड नवी. इतकी वर्षं न वाजवलेल्या वाद्याला नवी रीड कशाला, असं मी विचारलं.

"उगं आणून ठिवली हुती. दरसाल ठिवतो."

फालतू खर्चाची सवय जुनीच.

मग मेळ्याचा विषय निघाला. दर गाण्याआधी ते पडद्याकडे वळून म्हणायचे, पेटीबाई, सूर द्या. मी एक स्वर दाबून धरायची, मग ते फुंकायचे. "चौथ्या गणपतीला पडद्यामागं कुनी नव्हतं, तरी बी मी दोनदा सूर मागितला," म्हणाले. "लोक हसले."

सवयीचे गुलाम. हरिओम मात्र हसला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हणमंतराव तीन दिवसांपासून इथेच आहेत, गिरणीच्या लाइनीत, म्हणजे कामगारांच्या चाळीत, लिंगम्माच्या घरी. लिंगम्मा आमच्या ढोलकीवाल्याची बायको. मेळ्यात पहिला आवाज तिचाच असायचा. घरात कन्नड बोलणारी बाई मराठी गाणं असं म्हणायची की पुण्याच्या बायकांनी वही काढून बसावं. आता तिचा आवाज फाटलाय, तोंड शाबूत आहे.

तिच्या ओट्यावर तीन दिवस तालीम छान झाली. पेटीने सूर धरला, क्लॅरनेट त्यावर येऊन बसलं, आणि लाइनीतली म्हातारी माणसं दारादारांत येऊन उभी राहिली. कोणी काही बोललं नाही. गुलबर्ग्यात चार माणसं जमून कोणी काही न बोलणं ही छोटी गोष्ट नाही.

आज कॉलेजच्या सभागृहात समितीबरोबर तालीम होती. कीबोर्डवर अपूर्व नावाचा मुलगा. त्याच्या केसांचा अंबाडा माझ्यापेक्षा मोठा आहे. बाकी सगळी वाद्यं लॅपटॉपमध्ये, आधीच वाजवून ठेवलेली. त्याला ट्रॅक म्हणतात. ट्रॅक सुरू झाला, आम्ही सुरू केलं, आणि खरकट्या ताटावर चमचा ओढावा तसा आवाज निघाला.

"आंटी, पेटी आउट आहे," अपूर्व म्हणाला. "क्लॅरनेट पण."

"आम्ही दोघं एकमेकांशी जुळतोय. बाहेरचा तू आहेस."

"पण आंटी, सगळ्या जगाचा सूर एक ठरलेला असतो."

"जग येणार आहे का ऐकायला?"

सोमशेखर मधे पडला. "आयतु अक्का, काहीतरी ॲडजस्ट करू." त्याच्या कोशात ॲडजस्ट म्हणजे दुसऱ्याने हलायचं.

हणमंतराव तोपर्यंत खुर्चीत बसून खोकत होते. लिंगम्माने थर्मासमधला चहा दिला. थंड चहा देतेस का आजारी माणसाला, म्हणून मी तिच्यावर ओरडले. चहा चांगला वाफाळत होता, हे नंतर दिसलं. तिने मला उलट उत्तर दिलं नाही, नुसती बघत राहिली. लिंगम्माने उत्तर न देणं मला आवडत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सोमशेखरचा फोन. ट्रॅक बदलता येत नाही, नाचाच्या मुली त्यावरच बसल्यात. मी म्हटलं, मग मुलींना उठव. तो म्हणाला, आयतु.

जेवताना संकर्षणला सगळं ऐकवलं. मला, मला बेसूर म्हणतात. कालचं शेंबडं पोर, अंबाडेवालं. तो मोबाइलमध्ये बघत जेवत होता. शेवटी म्हणाला, "आत्या, तू नको डोक्याला त्रास करून घेऊस. मी बघतो."

आपल्या घरात कोणी मी बघतो म्हटलं की मला बरं वाटतं. फार कमी वेळा कानावर येतं.

उद्या राजेश्वर गावाला जायचंय, मावसबहिणीच्या नातीचा साखरपुडा. तिथे दोन दिवस सगळे मला विचारणार, पेन्शन किती मिळते, आणि लग्न का नाही केलं. या क्रमाने.

२२ नोव्हेंबर, शनिवार

घरी आले तर पेटी टेबलावर. पॉलिश केलेली, चकाकणारी. भात्याला नवं कापड. संकर्षण शेजारी उभा, वाढदिवसाच्या मुलासारखा.

"वाजव ना, आत्या."

वाजवली. पहिल्याच स्वरावर थांबले.

"सोलापूरला स्वतः गाडीतून नेली," तो सांगत होता. "तिथला कारागीर जुना आहे. म्हणाला, सगळ्या पट्ट्या चढलेल्या आहेत, कोणीतरी अडाण्याने घासल्यात. दोन दिवस बसून त्याने एकेक खाली आणली. आता कुठल्याही कीबोर्डशी जुळेल. तुला आता कोण बेसूर म्हणतो बघू."

अडाणी. माणिकराव मास्तर.

मी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं. एवढंच म्हणाले, "संकर्षण, तू भोंगा दुसऱ्यांदा भंगारात घातलास."

त्याला काहीच कळलं नाही. चेहरा पडला. लहानपणी शेजाऱ्यांची फुलं चोरून माझ्यासाठी आणायचा आणि मी रागवायची, तेव्हा असाच दिसायचा. त्यामुळे राग आणखी वाढला. वाईट माणसाने केलं असतं तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

सोलापूरच्या कारागिराला फोन केला. पट्ट्या परत चढवता येतील का? म्हणाला, "बाई, एकदा टोकाला घासलेल्या, आता मी मुळाशी खरवडल्यात. पान झालंय त्यांचं. परत कानस लावली तर तुटतील." चूक त्याची नाही. त्याने बिघाड दुरुस्त केला. बिघाड हीच आमची कमाई होती, हे त्याला कोणी सांगायचं?

पेटी रिक्षात घालून लाइनीत नेली. हणमंतरावांनी क्लॅरनेट लावून बघितलं. दोन सवतींनी एका चुलीपाशी बसावं तसे दोन्ही सूर एकमेकांना ढोसत होते. त्यांनी क्लॅरनेटचे सांधे ओढून बघितले, तर त्याचेच वरचे आणि खालचे स्वर आपसात भांडायला लागले. पेटी बंद करून नुसतं क्लॅरनेट वाजवलं. दोन ओळींत दम संपला, आणि ते उंबऱ्यावर बसले.

"पोरानं चांगल्यासाठीच केलं की ओ."

"अहो, रागवा तरी."

"रागवायला बी दम लागतोय, पेटीबाई."

मग माझं मी रागावून घेतलं. त्यांच्या वाटचंही.

लिंगम्मा ज्वारी निवडत होती. म्हणाली, "भोंगा नसला तर नसला. आम्ही पोरं असताना तोंडानं भोंगा काढत होतो की. सुट्टीच्या दिवशी पहाटे काढायचा, सगळ्या लाइनीतले गडी भाकरी टाकून पळायचे." ती आणि हणमंतराव हसायला लागले, ते हसता हसता खोकायला लागले. तिचं लग्नही याच लाइनीत झालं, त्यामुळे नवऱ्यालाही ती तसंच उठवायची म्हणे.

आमचा बंगला लाइनीपलीकडे होता. असल्या पोरकटपणात मी कधी नव्हते. खिडकीतून ऐकायची फक्त.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शेवटची तालीम. मी पेटी नेली नाही. अपूर्वने विचारलं, आंटी, पेटी कुठे? तेव्हा त्याला सगळं सुनावलं, भोंग्यापासून सोलापूरपर्यंत. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "अरे आंटी, हे आधी का नाही सांगितलं? कीबोर्डचा सूर थोडा थोडा वर नेता येतो. बटन आहे."

"बटन आहे?"

"हे बघा."

त्याने एक स्वर धरून ठेवला आणि बटन दाबत दाबत हळूहळू वर सरकवला. "सांगा कुठे थांबू."

"थांब," मी म्हटलं.

हणमंतरावांनी फुंकलं. जुळलं. एका केसाचाही फरक नाही. अपूर्व माझ्याकडे बघतच राहिला. का कोण जाणे. मी त्या बटनाकडे बघत होते. माझ्या करंगळीच्या नखाएवढं आहे. त्याच्यासाठी पन्नास वर्षांची पेटी सोलापूरला जाऊन खरवडून आली.

ट्रॅकचं मात्र जमत नाही. तो पडद्यावरच्या चित्रांशी बांधलेला आहे, हैदराबादच्या कंपनीकडे. मग असं ठरलं: नाचाच्या आधी चार मिनिटं आम्हाला. अपूर्व कीबोर्डवर सूर धरणार, हणमंतराव वाजवणार, लिंगम्मा गाणार.

"आणि मी?"

"तुम्ही पेटीवर बसा ना अक्का," सोमशेखर म्हणाला. "आवाज नाही आला तरी चालेल. दिसायला छान."

म्हणजे पूर्वी ऐकू यायची आणि दिसायची नाही. आता दिसणार आणि ऐकू येणार नाही. ही यांची प्रगती. मी येणार नाही म्हणून सांगितलं.

बाहेर आल्यावर हणमंतराव म्हणाले, "तुमी नसलाव तर मी बी न्हाई वाजवणार."

"कीबोर्ड आहे की सूर द्यायला."

"त्याला कोण सूर मागतंय?"

हट्टी माणूस. शेवटी हो म्हणावं लागलं.

३० नोव्हेंबर, रविवार

मैदानावर तोच फोटो, दोन मजली उंच. पडदा एवढा मोठा केलाय की त्यावरची फुलं मोजता येतील.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. तोवर सूत्रसंचालकाने तीनदा सांगितलं की आपला वारसा आपण जपला पाहिजे. पाहुण्यांबरोबर आणखी पाहुणे आले, सोफे कमी पडले. म्हणून मंचावर जागा करायला कीबोर्ड खाली उतरवला, स्टँडसकट. अपूर्व वायरी हातात घेऊन कोणाशी तरी भांडत होता. माझी पेटी मात्र मंचाच्या मधोमध, सजावटीच्या टेबलावर. तिला झेंडूचा हार घातलेला. अशी मांडणी मी फक्त तेराव्याला पाहिली आहे.

सोमशेखर कानाशी आला. "अक्का, टाइम इल्ला. वाजवायचं राहू दे. फक्त सत्कार."

"राहू दे म्हणजे?"

"आयतु, आयतु," म्हणत तो पाहुण्यांकडे पळाला.

आठवी शाल मिळाली. हणमंतरावांना शाल, नारळ, फळांची टोपली. त्यांनी नारळ टोपलीत ठेवला, टोपली सोफ्यावर बसलेल्या कोणा पुढाऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि पिशवीतून क्लॅरनेट काढलं. सूत्रसंचालक पुढे आला. त्याच्यासमोरचा माइक त्यांनी आपल्याकडे वळवून घेतला, जसा गिरणीत पाना घेत असतील. मग माझ्याकडे वळले. मान तीच, वळणं तेच. फक्त मधे पडदा नव्हता.

"सुमती," माइकमध्ये म्हणाले, "सूर दे."

पेटीकडे हात गेला. हार. आणि हाराखाली सोलापूर. तो सूर तिच्यात नाही. अपूर्व खाली वायरींत अडकलेला. हणमंतरावांनी क्लॅरनेट ओठांना लावलेलं आणि छाती आधीच वरखाली होत होती. ते थांबणार नव्हते, ते मला दिसत होतं. आधाराशिवाय दोन ओळींत कोसळले असते, हेही.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. तोंड उघडलं आणि भोंगा निघाला. बहात्तराव्या वर्षी, आठवी शाल अंगावर घेऊन, मी भर सभेत भोंगा वाजवला.

क्लॅरनेट त्यावर येऊन बसलं. जुळलं.

माझा श्वास संपत आला तेव्हा मंचाच्या कडेवरून लिंगम्माने तो सूर धरला. मग मागच्या रांगांतून एक भोंगा आला, मग दुसरा. लाइनीतली सगळी म्हातारी माणसं, हातात काठ्या, गळ्यात मफलर, तोंडं वर करून. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळ्यांचा एकच सूर, त्याच फटीतला. हणमंतराव डोळे मिटून वाजवत होते आणि त्यांना घाई नव्हती.

पाहुण्यांना वाटलं, लोक हुर्यो उडवतायत. ते उठून उभे राहिले. सोमशेखरने हात हलवून माइक बंद करायला लावला. एक पोलीस मागच्या रांगेकडे जाऊन एका आजीला सांगायला लागला की घोषणा देऊ नका. आजींनी त्याच्याकडे बघितलं आणि भोंगा चालूच ठेवला. माइक नव्हता, तरी मैदानाच्या टोकापर्यंत जात होतं. माइक या गाण्याला कधी लागलाच नव्हता.

दीड कडवं झालं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर ट्रॅक सुरू केला. धडाधड ढोल, आणि डोक्यावर पिवळी हेल्मेटं घातलेल्या मुली मंचावर धावत आल्या. कापडगिरणीत हेल्मेट. कोणी कधी घातलं नव्हतं, मी लिहून देते.

हणमंतरावांना दोघांनी धरून खाली आणलं. ओठ निळसर दिसत होते. हसत होते, मूर्ख माणूस.

१ डिसेंबर, सोमवार

पेपरात आलंय, आतल्या पानावर: मान्यवरांसमोर ज्येष्ठांचा गोंधळ. फोटो माझा, तोंड उघडं. निदान पडद्यापुढचा आहे.

सोमशेखरचा फोन आला. "अक्का, हे बरोबर नाही झालं. पुढच्या वर्षी असं चालणार नाही. नाही म्हणजे नाही." एकदाचा नाही म्हणाला. आता याच्याशी बोलता येईल.

संकर्षणने ती पेटी मंचावरून उचलून घरी आणली. हार काढला, पुसली. मग तिथेच उभा राहिला. "आत्या, पेटीत तर तो सूर नव्हता. तू कुठून काढलास?"

"मला काय माहीत. मागितला म्हणून दिला."

दानेश्वरीच्या कुकरची शिट्टी झाली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "खाली आहे ना?"

"खालीच आहे," मी म्हटलं. रोजच असते, त्यात विचारायचं काय?

लिंगम्माने सकाळी निरोप पाठवला. हणमंतरावांना रात्रीतून दोनदा वाफ द्यावी लागली, डॉक्टर येऊन गेला, आता उशीला टेकून बसलाय आणि चहा मागतोय. क्लॅरनेट परत वाजवायचं नाही, हे डॉक्टरने कन्नडमध्ये सांगितलं, हरिओमने फोनवरून मराठीत सांगितलं. दुपारच्या गाडीने हरिओम येतोय, त्याला भालकीला घेऊन जायला. फार चिडलाय, आणि त्याचं बरोबर आहे.

मी त्याच्या आधी पोचणार आहे. एक गोष्ट विचारायची आहे. पन्नास वर्षं पेटीबाई म्हणणाऱ्या माणसाने भर सभेत, माइकवर, पोलीस आणि पुढाऱ्यांसमोर माझं नाव एकेरीत घ्यायचं, हे कुठलं वळण? नाना असते तर? याचा जाब द्यावा लागेल. बोलायला दम लागत असेल तर बोलू नये, मी बोलेन, त्याने मान हलवावी.

डब्यात मऊ खिचडी घेतली आहे. साडी बदलली. पहिली बरी दिसत नव्हती.

जाब विचारल्यावर त्याने पुन्हा तसंच म्हटलं, तर पुढे काय करायचं, ते अजून ठरवलेलं नाही.